अक्षराची उंची

पुकारा झाला :
"तक्रारदार शौकत इब्राहिम शिकलगार?"
हजर, म्हटलं, आणि उठताना खिशातला व्हर्नियर
बाकड्याच्या कडेला खट्टकन् वाजला.
शिपायानं डोळे वटारले.
हत्यार न्हाई हो. माप हाय.

उद्यमनगरात तेहेतीस वर्षं लेथवर गेली.
बुश, पिना, शाफ्ट.
दोन शतांश इकडं तिकडं झालं
तर शिरोलीचा कारखाना अख्खी पेटी परत धाडतो,
चलनावर लाल शिक्का मारून.
त्याला मी कधी म्हटलं नाही,
माल उतरून घेताना सही तुमचीच होती.

भूषण उपाध्ये दुकानात आला त्या दिवशी,
गळ्यात बँकेचा पट्टा,
बुटांना ऑईल लागू नये म्हणून चवड्यांवर चालत.
"काका, सेकंडहँड सीएनसी घ्या आता.
आठ लाख. पाच वर्षं. नऊ टक्के फक्त. फ्लॅट."

फ्लॅट.
मला वाटलं, हा तर आपल्यातलाच शब्द.
सरफेस प्लेटला निळं फासायचं, जॉब घासायचा,
डाग सगळीकडं सारखा उठला की म्हणायचं, फ्लॅट.
म्हणजे खोट नाही. म्हणजे डगमग नाही.
एकोणीस सह्या केल्या,
चहा निवायच्या आत.

हप्ता आला एकोणीस हजार तीनशे तेहेतीस.
जैतूननं दिनदर्शिकेचं पान उलटं करून आकडे मांडले.
"मुद्दल दर महिन्याला झिजतंय,
मग व्याज का झिजंना ओ?"
मी म्हटलं, बँकेचं गणित वेगळं असतंय.
ती काही बोलली नाही. पेन्सिलीला टोक केलं.
रात्री साडेअकराला उत्तर आलं :
सोळा हजार सहाशे सात पाहिजे होतं.
दर महिन्याला दोन हजार सातशे सव्वीस जादा,
साठ वेळा.
नऊ नव्हे, पावणेसोळा टक्के.

बँकेचे वकील सांगलीचे. आवाज गोड.
"तक्रारदार अनुभवी व्यावसायिक आहेत.
पान चौदा, कलम सात-क :
व्याज मूळ रकमेवर आकारले जाईल.
स्पष्ट लिहिलेलं आहे."
आमच्या नेर्लेकरबाईंनी नुसती मान हलवली.
मी उठलो.
परवानगी असंल तर, स्पष्ट किती ते मोजतो.

पान चौदा टेबलावर पसरलं.
जबडे मिटत आणले 'मूळ'मधल्या 'म'वर.
शून्य पूर्णांक ब्याण्णव मिलिमीटर.
मग पहिल्या पानावरचा नऊ :
अकरा पूर्णांक चाळीस.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
कागद खिडकीपाशी नेला.
वरच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं,
मला ऐकू येत होतं,
बाकीच्यांना वारा तेवढा लागत असणार.

"पण सही तर तक्रारदारांचीच आहे," वकील म्हणाले.
व्हय. माझीच.
तिची बी उंची लिहून घ्या, नऊ मिलिमीटर.
मी मोठीच करतो सही.

तारीख पडली, पुढल्या महिन्याची एकवीस.
पायऱ्या उतरताना मोबाईल वाजला.
भूषणचा मेसेज. बँक सोडली त्यानं,
गडहिंग्लजला फरशा विकतोय :
"काका, फ्लॅट म्हणजे सोपं,
आम्हाला एवढंच शिकवलेलं. साक्षीला येऊ का?"

उत्तर अजून दिलेलं नाही.
ह्याच्या फरशा तरी सपाट असतील का,
एवढंच आलं मनात.

दुकान उघडलं. मशीन चालू केलं.
पाच तारखेला हप्ता आहे, केस असली तरी.
व्हर्नियरच्या जबड्यात
पान चौदाचा एक तंतू अडकून आला होता.
फुंकर मारली.
निघाला नाही.